धंद्याचीही आगोट भरावी लागते

पत्र

प्रिय माई,

आम्ही मूळचे कुडाळजवळचे. सहा वर्षं झाली, फोंड्यात भाड्याने राहतो. नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात आहे, पाळीचं काम. मुलगी पहिलीत आहे. डिसेंबरात बार्देश तालुक्यातल्या किनाऱ्यालगत एका ओळखीच्या माणसाकडे चार दिवस राहिलो. त्याला शेजारचं सहा खोल्यांचं घर भाड्याने द्यायचं आहे. महिना 60,000 रुपये, अनामत 4 लाख, करार 11 महिन्यांचा. तिथे खोली एका रात्रीला 4,000 ला जात होती. मी हिशेब मांडला. सहा खोल्या अख्खा डिसेंबर भरल्या तर 7,44,000 होतात, म्हणजे वर्षाचं भाडं एका महिन्यात निघून वर पैसे उरतात. आमच्याकडे साठवलेले 12 लाख आहेत. नवरा म्हणतो, नोकरी सोडतो, दोघं मिळून होमस्टे चालवू. रात्रपाळीने तो अगदी कंटाळलाय. सासरे म्हणतात, परक्याचं घर सजवण्यापेक्षा गावच्या घरी या. मी सध्या नवऱ्याच्या कारखान्यातल्या चार मुलांना दुपारचा डबा देते, प्रत्येकी महिना 2,500 मिळतात, तेवढाच हातखर्च. घरमालकाने फेब्रुवारीअखेरपर्यंत उत्तर मागितलंय. काय करू?

— स., फोंडा

उत्तर

प्रिय स.,

तुझ्या आईच्या वयाची आहे, म्हणून तुला अगं-तुगं करते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग कॅलक्युलेटर घेऊन बसले, कारण आकडे लिहून पाठवणारी वाचक क्वचित भेटते. आधी तुझ्या हिशेबाबद्दलच बोलू.

तुझा गुणाकार बरोबर आहे, पण डिसेंबरच्या एकतीसही रात्री सारख्या नसतात. 4,000 चा भाव असतो तो नाताळच्या दोन-तीन दिवस आधीपासून 31 डिसेंबरपर्यंत, म्हणजे फार तर दहा रात्री. त्या दहा रात्री सहाही खोल्या भरल्या असं धर. 2,40,000 रुपये झाले. उरलेल्या एकवीस रात्री निम्म्या खोल्या निम्म्या भावाने गेल्या तरी मी देवाचे आभार मानीन. ते झाले 1,26,000. एकूण 3,66,000. यातून बुकिंगच्या ॲपचं कमिशन, एसीचं वीजबिल, धोबी, झाडूपोछा करणारी बाई आणि रात्री-अपरात्री दार उघडणारा माणूस जायचा आहे.

आता हिशेबाची दुसरी बाजू बघ. जून ते सप्टेंबर हे चार महिने, महिना 60,000 प्रमाणे भाडंच होतं 2,40,000. म्हणजे ज्या दहा रात्री बघून तुमचे डोळे दिपले, त्या अख्ख्या दहा रात्रींची कमाई पावसाळ्याचं नुसतं भाडं भरण्यात जाते. अनामत आणि 11 महिन्यांचं भाडं मिळून 10,60,000 होतात. तुमच्या 12 लाखांतले उरले 1,40,000. त्यात गाद्या, चादरी, पंखे, रंगकाम, मुलीची फी आणि घरातलं आजारपण. नवऱ्याचा पगार तर तेव्हा नसणारच.

तू कुडाळची आहेस, तुझ्या घरी मे महिन्यात आगोट भरत असतील. सुकी मासळी, मिरच्या, चिंच, सोलं, मीठ, लाकडं, सगळं पावसाआधी घरात. गोव्यात त्यालाच पुरुमेंत म्हणतात. मे संपता संपता मडगावात त्याचं फेस्तही भरतं, आणि जो तो चार महिन्यांचं सामान बांधून घरी नेतो. या छोट्याशा राज्याने शतकानुशतकं आपलं घर असंच चालवलंय. धंद्यालाही तेच लागू आहे. गोव्यात धंदा बघायचा तो जुलैत. डिसेंबरात इथे सगळ्यांचंच बरं चाललेलं असतं.

मी हे ऐकीव सांगत नाही. फार वर्षांपूर्वी मीसुद्धा किनाऱ्याजवळ पाच खोल्या चालवायला घेतल्या होत्या. पहिला जुलै मला अजून जसाच्या तसा आठवतो. चादरी धुवून पाच-पाच दिवस वाळत नव्हत्या, म्हणून त्या मी स्वयंपाकघरात चुलीवर दोऱ्या बांधून वाळवल्या, तर त्यांना फोडणीचा वास लागला. गादी उचलून बघितली तर खालून हिरवट बुरशी, हात लावला की बोटांना पावडर यायची. कपाटाची दारं फुगून बंद होईनात. मिठाच्या बरणीत पाणी. आठवड्यात एक जोडपं आलं, खोलीत शिरलं, आणि बाई नाकाला पदर लावून बाहेर आली. मी त्यांना पैसे परत दिले आणि चहाही दिला. दुपारी दोन वाजता पाऊस कोसळत असताना त्या रिकाम्या पाच खोल्यांचे पंखे मी एकेक करून चालू करत फिरत होते, केवळ हवा खेळावी म्हणून, आणि वर विजेचा मीटर पळत होता. दुसऱ्या वर्षी मी न्हाणीघरांना फरशा बसवल्या, नळ बदलले. करार 11 महिन्यांचाच होता. मुदत संपली तेव्हा मालकाने फरशा बघून भाडं वाढवलं. ते परवडेना, मला सोडावं लागलं. त्या फरशा आजही तिथेच असतील.

म्हणून तुझे सासरे 'परक्याचं घर सजवणं' म्हणतात ना, ते शब्द मला लागले. गावी परत या, हे त्यांचं म्हणणं मला आज पटत नाही, त्याबद्दल पुढे लिहिते. पण हे एक वाक्य त्यांनी अनुभवी माणसासारखं बोललंय.

11 महिन्यांचा करार सगळीकडे का करतात, ठाऊक आहे? एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदणी केल्याशिवाय चालत नाही. अकराच्या आत नोंदणीची कटकट नाही. राहायच्या घराला हे ठीक आहे. पण जिथे तू स्वतःचा पैसा ओतणार तिथे 11 महिन्यांचा कागद म्हणजे पायाखाली वाळू. कुणी पाच वर्षांचा नोंदणीकृत करार, भाडं दरवर्षी किती वाढणार हे लिहून, द्यायला तयार असेल तरच पुढचं बोलणं. त्या ओळखीच्या माणसाला एवढं एकच विचारून बघ. तो काय उत्तर देतो त्यावरून तुला पुष्कळ कळेल.

आणि घर नेमकं कुणाचं, हे गोव्यात सरळ नसतं. तुमच्याकडे सातबारा, इथे एक-चौदाचा उतारा. तो काढून त्यावरची सगळी नावं वाच, 'इतर हक्क' हा रकानासुद्धा. तिथे मुंडकाराचं नाव असलं तर थांब. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला 1975 च्या कायद्याने संरक्षण दिलंय, ते असायलाच हवं, पण तुला त्या वादात पडायचं नाही. जमीन कोमुनिदादची, म्हणजे जुन्या गावकीच्या सामाईक मालकीची, असली तरी वकिलाशिवाय पाऊल टाकू नको. शिवाय गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसा आजही चालतो. लग्न झालं की सहसा नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, म्हणून व्यवहारावर दोघांचीही सही मागायची. आजोबांच्या नावावरचं घर असेल तर वाटणीचं इन्व्हेंटरीचं काम झालंय का ते विचार. पाच भावंडांतलं एक लिस्बनला, एक लंडनला आणि इथला एक भाऊ चावी घेऊन घर भाड्याने देतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. डिसेंबरात लंडनवाली बहीण सुट्टीला आली आणि तिने पाहुण्यांसमोर विचारलं, तुम्ही कोण?

पाहुणे ठेवायचे तर 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. पंचायतीचा परवाना वेगळा. भरतीरेषेच्या जवळ असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारी बांधकामाचे, नियम. 'आमच्याकडे असंच चालतं' म्हणणारा माणूस नोटीस आली की फोन उचलत नाही. आणि एक लक्षात ठेव, पांढऱ्या पाटीची स्वतःची स्कूटर पाहुण्याला भाड्याने द्यायची नाही. भाड्याच्या दुचाकीला गोव्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात, आणि तो शेजाऱ्यांच्या पोटापाण्याचा धंदा आहे.

आता तुझ्या नवऱ्याबद्दल. त्यावर मला जास्त लिहायचंय, कारण मला वाटतं खरा प्रश्न तिथे आहे.

तुझ्या पत्रात त्याला होमस्टे आवडतो असं कुठेच लिहिलेलं नाही. तू लिहिलंयस की रात्रपाळीने तो कंटाळलाय. या दोन गोष्टी एक नाहीत. रात्रभर मशीनजवळ उभा राहिलेला, सकाळी बसमध्ये मान टाकून झोपणारा, मुलगी शाळेतून आली की घोरत असलेला माणूस समुद्राच्या चार दिवसांनी हरखून जाणारच. पण पाहुण्यांचा धंदा म्हणजे रात्रपाळीच. विमान उशिरा, दार उघडा. दोन वाजता कुणाला ताप, गाडी शोधा. तीन वाजता नाचून आलेली पोरं, त्यांना सांभाळा. कारखान्यातली पाळी आठ तासांनी संपते, रविवार असतो, भविष्य निर्वाह निधी असतो, आजारी पडलं तर ईएसआयचं कार्ड असतं. इथे त्यातलं काहीच नाही.

म्हणून त्याचा प्रश्न वेगळा काढून सोडव. जनरल शिफ्ट मागून बघितली का? गुणवत्ता तपासणीच्या किंवा गोदामाच्या विभागात बदली मिळते का? औषधांचे कारखाने वेर्ण्यात आहेत, कुंडईत आहेत, पेडण्यात तुयेला आहेत. त्याच्यासारखा सहा वर्षांचा अनुभवी माणूस त्यांना हवाच असतो, आणि नोकरी टिकवून दुसरी शोधणं नोकरी सोडून शोधण्यापेक्षा कितीतरी सोपं. साठलेली रजा एकदम काढून त्याला पंधरा दिवस नुसतं झोपू दे. डॉक्टरलाही दाखव. अपुऱ्या झोपेत घेतलेल्या निर्णयावर 12 लाख लावायचे नाहीत, बाय.

आणि दोघांनी एकदम एकाच नावेत बसू नये, हे या राज्यात विशेष खरं आहे. गोवा केवढा? 3,702 चौरस किलोमीटर, देशातलं क्षेत्रफळाने सगळ्यात लहान राज्य. 2011 च्या जनगणनेत माणसं 14.58 लाख. एवढ्या लहान घराला खांब मोजकेच असतात आणि एक निखळला की सगळं छप्पर हलतं. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. मध्ये थोड्या सुरू झाल्या, आणि 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा बंद पडल्या. खाणींमुळे डोंगरांची, शेतांची, विहिरींची किती नासाडी झाली तेही मी पाहिलंय, त्यामुळे त्या तशाच चालू राहायला हव्या होत्या असं मी म्हणणार नाही. पण डिचोलीकडे जाताना रस्त्याकडेला ओळीने उभे राहिलेले ट्रक मी विसरू शकत नाही. टायरांमधून गवत वर आलेलं, काचेवर विक्रीचा फोन नंबर. एकेका ट्रकामागे कर्ज, आणि एकेका घरात दोन-दोन ट्रक. ट्रकवाल्याबरोबर गॅरेजवाला गेला, चहावाला गेला, खानावळ गेली. मग 2020 च्या मार्चमध्ये किनारा बंद झाला तेव्हा तीच गत वाळूवरच्या खानावळींची, म्हणजे शॅकवाल्यांची, आणि टॅक्सीवाल्यांची झाली. ज्यांच्या घरात एक पगार वेगळ्या खात्यातून येत होता, तेवढ्यांची चूल नीट पेटत राहिली.

तर आता तुझं सांगते. पत्राच्या शेवटी तू एक ओळ सहज लिहून टाकलीस, 'तेवढाच हातखर्च.' मी तिथेच थांबले.

अगं, फोंडा हा कसला तालुका आहे बघ. कुंडई, बेतोडा, मडकई अशा तीन औद्योगिक वसाहती एकाच तालुक्यात. फर्मागुडीला अभियांत्रिकी महाविद्यालय, 1967 पासूनचं, आणि 2016 पासून आयआयटीही तिथेच भरते. बाहेरगावची किती मुलं खोल्या घेऊन राहतात. त्यांना दुपारी जेवायला लागतं, डिसेंबरात आणि जुलैतही. किंबहुना जुलैत जास्तच, कारण धो-धो पावसात गाड्यावर कोण जाणार? आमच्या वाड्यावर पोदेर, म्हणजे पाववाला, येतो सायकलवरून, पावसाळ्यात टोपलीवर निळं प्लास्टिक बांधून. पाऊस कितीही असो, सहाला त्याचा भोंगा वाजतोच. मला कुणी विचारलं गोव्यात चांगला धंदा कुठला, तर मी म्हणते, ज्याचा भोंगा जुलैत वाजतो तो.

चार डब्यांचे तुला 10,000 मिळतात. पंचवीस डबे झाले तर 62,500. बाजार, गॅस, डबे पोचवणारा मुलगा, हाताखाली एक बाई, हे सगळं वजा जाऊन महिना वीस-बावीस हजार सुटायला हरकत नाही. मी पंचवीस वर्षं खानावळ चालवली, त्या अनुभवावरून बोलतेय. आकडा लहान वाटेल. पण तो बारा महिने येतो, आणि त्यासाठी 12 लाखांतले फार तर दीड लाख बाहेर काढावे लागतील. मोठी शेगडी, पातेली, एक मोठा फ्रीज. बाकीचे बँकेत राहू दे, ती तुमची आगोट. लागलंच तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 पर्यंत कर्ज मिळतं, तेही बघ. अन्न व औषध प्रशासनाकडची नोंदणी मात्र पहिल्या दिवसापासून कर. चार डब्यांना कुणी विचारत नाही, पंचविसाला विचारतात.

एकदम पंचवीसवर उडी मारू नको. आधी दहा. दहावर एक महिना थांब, चव आणि वेळ दोन्ही सांभाळता येतात का बघ. 'साडेबारा' म्हटलं की साडेबारा, कारण कारखान्यातल्या मुलांची सुट्टी अर्ध्या तासाची असते.

जेवणात वर्षाचं चक्र ओळखून वाग. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, ताजी मासळी कमी आणि महाग. त्या दिवसांत सुक्या बांगड्याची किसमूर, सुंगटांची चटणी, अळसांद्यांचं तोणाक. त्यात अळमी, म्हणजे रानातली अळंबी, बाजारात आली तर ती परवडणार नाहीत, पण महिन्यातून एकदा कर, मुलं गावभर सांगत फिरतील. श्रावणात निम्मे लोक मासे सोडतात, तेव्हा खतखतं हवं. तुझा मालवणी हात आणि इथली जीभ यांच्यात फारसं अंतर नाही, नारळ दोन्हीकडे तोच. पण शेजारणीकडून दोन-चार इथल्या रीती शिकून घे. विचारलेलं त्यांना आवडतं.

पाहुण्यांची हौस तुला आहे, ती मला पत्रात दिसते. ती मोडू नको. फक्त पाहुणा किनाऱ्यावरच शोधला पाहिजे असं नाही. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, ही देवस्थानं तुझ्यापासून किती लांब आहेत सांग. मुंबई-पुण्यापासून कारवारपर्यंतची घराणी कुलदैवताला येतात. म्हातारी आई, सून, लहान मूल, सोबत दोन पिशव्या नारळ. ती माणसं देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, उतरतात, आणि दुपारी पूजा आटपली की विचारतात, आता जवळपास काय बघण्यासारखं आहे? त्यांना कुणी नीट सांगत नाही. त्यांना ताटाभोवती बसून घरचं जेवण हवं असतं आणि संध्याकाळपर्यंतचा एक बरा बेत. हे लोक श्रावणात येतात, नवरात्रात येतात, जत्रेला येतात, लग्न झालं की नवं जोडपं घेऊन येतात.

त्यांना सांगायला तुझ्याकडे काय काय आहे बघ. सावईवेऱ्याकडच्या कुळागरांत, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागांत, माडावर चढलेली मिरी आणि जायफळाची झाडं. तांबडी सुर्लाचं महादेवाचं कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं देऊळ, काळ्या दगडाचं, मागे घनदाट रान आणि बाजूने ओहोळ. तिथे मी कधी मोठ्याने बोललेली मला आठवत नाही. आषाढी एकादशीनंतर माशेलात चिखलकाला होतो, देवकीकृष्णाच्या देवळासमोर म्हातारीकोतारी माणसंसुद्धा चिखलात लोळतात. पावसाळ्यातच होणारी गोष्ट आहे ही, आणि पावसासाठीच माणसं लांबून येतात. दक्षिणेला कुशावती नदीकाठी उसगाळीमळला जांभ्या दगडावर कोरलेले बैल आणि चक्रव्यूह आहे, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोरलेला. 1993 मध्ये अभ्यासकांचं तिकडे लक्ष गेलं. एक गोष्ट मला कुणीतरी तिथे शिकवली. कोरड्या दुपारी त्या रेषा दिसत नाहीत. तांब्याभर पाणी ओतलं की दगड काळा पडतो आणि बैलाची शिंगं वर येतात. तुझ्या मुलीला घेऊन जा, तिच्या हातून पाणी ओतव. माहीत असलेली जागा दाखवणं आणि ऐकीव जागा दाखवणं यांतला फरक पाहुण्याला लगेच कळतो.

पैसे घेऊन जागा दाखवायच्या तर गाइड म्हणूनही पर्यटन खात्याची नोंदणी लागते, ती सवडीने कर. गाडी मात्र स्थानिक टॅक्सीवाल्याचीच सांग. एक भला माणूस बघून त्याच्याशी ठरव, त्याला काम दे, तो तुला पाहुणे देईल. पहिलं वर्ष नुसतं रविवारी दुपारचं जेवण ठेव, सहा पानं, आधी कळवून येणाऱ्यांसाठी. खोली नाही, गादी नाही, बुरशी नाही.

इथल्या माणसांत वावरण्याबद्दल एक मनापासून सांगते. आपण मराठी बोलतो आणि फोंड्यात सगळ्यांना मराठी कळतं. घरोघरी मराठी वर्तमानपत्र येतं, गावोगावच्या जत्रांत मराठी नाटकं होतात. म्हणून आपल्याकडची माणसं इथे येऊन 'गोवा म्हणजे आपलंच' असं बोलून जातात. तसं बोलू नको. 16 जानेवारी 1967 ला इथल्या लोकांनी मतदान करून महाराष्ट्रात जायचं नाही असं ठरवलं, 1987 ला कोकणी राजभाषा झाली आणि त्याच वर्षी 30 मे रोजी राज्य मिळालं. त्या काळात एकेका घरात दोन मतं होती, ती दुखणी अजून पुरती बरी झालेली नाहीत. जमीन थोडी, बाहेरून येऊन ती घेणारे फार, त्यामुळे 'भायले', म्हणजे बाहेरचे, हा शब्द आज पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येतो. ती भीती खोटी नाही. तू बाजारात कोकणी बोल, चुकली तरी चालेल, मालवणीवरून कोकणीत यायला तुला सहा महिने पुष्कळ झाले. एक ते चार दुकानं बंद असतात तेव्हा कुणाचं दार वाजवू नको. चवथीला शेजारी आरतीला जा. एवढ्याशा राज्यात सकाळी म्हापशात झालेलं बोलणं दुपारी मडगावात पोचतं. उसने पैसे वेळेवर दिल्याची बातमीही तशीच पोचते.

आणि तुमचे सहा वर्षांचे भाडेकरार, मुलीचे शाळेचे दाखले, विजेची बिलं एका फाइलीत जपून ठेव. सरकारी नोकरीला आणि बऱ्याच योजनांना इथे 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. पुढे मुलीला तो लागेल, तेव्हा कागद शोधत बसायला नको.

आता सासऱ्यांचं गावचं घर. आज मुलीची शाळा इथे, नवऱ्याची नोकरी इथे, तुझे डबे इथे. आज उठून जाण्यात काही अर्थ नाही. पण मोपाचा विमानतळ 5 जानेवारी 2023 पासून चालू झाला आणि तो पेडण्यात, म्हणजे तुमच्या सिंधुदुर्गाच्या उंबऱ्यावर आहे. मोपाला उतरलेला माणूस डावीकडे गोव्यात जातो तसा हळूहळू उजवीकडे वेंगुर्ला-मालवणलाही जाऊ लागलाय. सिंधुदुर्ग 1997 पासून पर्यटन जिल्हा आहे, आणि महाराष्ट्र पर्यटनाच्या निवास-न्याहारी योजनेत राहत्या घराच्या खोल्या नोंदवता येतात. तुझ्या सासऱ्यांच्या घराला किती खोल्या आहेत, ते पत्रात लिहिलेलं नाहीस. उतारा त्यांच्या नावावर आहे, भाडं शून्य आहे, आणि 11 महिन्यांनी कुणी बाहेर काढणार नाही. चार-पाच वर्षांनी तुझ्या हातात डब्यांचा अनुभव, ओळखीचे पाहुणे आणि शाबूत 10 लाख असतील, तेव्हा त्या घराच्या दोन खोल्यांचा विचार शांतपणे करता येईल. पुढच्या वेळी गावी जाशील तेव्हा सासऱ्यांना एवढंच विचार, माडीवरच्या खोल्या पावसात गळतात का?

फेब्रुवारीअखेरची मुदत मनातून काढून टाक. घरमालकाला निरोप दे की जुलैत एक रात्र भाडं देऊन राहून बघतो, मग सांगतो. खरंच राहा. पाऊस लागलेला असू दे. रात्री गादीला हात लाव, कपाट उघडून बघ, सकाळी बाहेर पडून आजूबाजूच्या किती दारांना कुलूप आहे ते मोज. नवऱ्यालाही बरोबर ने, आणि निघायच्या आधी त्याची दोन आठवड्यांची झोप पुरी झालेली असू दे. पुढचं पत्र त्याने त्याच्या हाताने लिहिलं तर मला फार बरं वाटेल. त्याला काय हवंय, ते मला अजून कळलेलं नाही.

तुझी,
माई